सरासरी दोन भाकरी

या स्मरणिकेसाठी शाळेची जुनी कागदपत्रे चाळण्याचे काम संपादक मंडळाने आम्हां तिघा वर्गमित्रांवर सोपविले. कार्यालयामागील खोलीत एका पत्र्याच्या पेटीत भोजनगृहाच्या नोंदवह्या सापडल्या. कडा कसरीने खाल्लेल्या, पाने पिवळी पडलेली, परंतु शाई अजून स्वच्छ. १९७२ सालची वही आम्ही मुद्दाम शोधून काढली. रोज एक ओळ : पीठ किती, भाकरी किती, मुले किती आणि शेवटच्या रकान्यात दरडोई सरासरी. दिवाळीनंतरच्या पानांवर त्या शेवटच्या रकान्यात एकच आकडा पुनःपुन्हा येतो : दोन.

तत्कालीन अधीक्षकांचे अक्षर वळणदार होते आणि हिशेब चोख होता. आम्ही काही पानांचे भागाकार पुन्हा करून पाहिले. कोठेही चूक आढळली नाही. तरीही ती पाने वाचताना आम्हां तिघांची मान खाली गेली, कारण त्या दिवसांत पंगतीत भाकरी वाढणारे हात आमचे होते.

स्मरणिकेतील लेखात शाळेचे ऋण मानावे, गुरुजनांचे स्मरण करावे, ही रीत आम्हांस ठाऊक आहे. आम्ही तेच करणार आहोत. परंतु आमच्यावरील सर्वांत मोठे ऋण गणिताच्या एका असमतेच्या रूपाने आले, म्हणून हा लेख थोडासा गणिताचा झाला आहे. वाचकांनी बिचकू नये. जे आम्हांला वाळत घातलेल्या कपड्यांच्या दोरीखाली उभे राहून कळले, ते कोणालाही कळेल.

१९७२ साली पाऊस आला नाही. आदल्या वर्षीही तो पुरेसा नव्हता. ज्यांनी तो दुष्काळ पाहिला त्यांना अधिक सांगावयास नको. गावोगाव सरकारी कामे निघाली होती. आमच्यापैकी बहुतेकांचे आईबाप खडी फोडावयास किंवा तलावाच्या मातीकामावर जात होते. रेशनवर अमेरिकेतून आलेला तांबडा मिलो मिळे. त्याची भाकरी गरम असेतो खाता येई. गार झाली की चामड्यासारखी होई. अशा दिवसांतही शाळेने वसतिगृह बंद केले नाही, ही गोष्ट आज तिच्या गौरवाची म्हणून सांगितली पाहिजे. एकशेवीस मुले होती आणि कशाबशा दोनशे चाळीस भाकरी होत.

आम्ही तेव्हा अकरावी मॅट्रिकच्या वर्गात होतो. शाळेची विहीर आटली होती. मळ्यातल्या विहिरीवरून पाणी आणण्याचे काम वरच्या वर्गांकडे होते. कावडी आम्ही वाहतो, तेव्हा पहिली पंगत आमची, असा एक नियम आपोआप पडून गेला. तो कोणी केला नाही आणि कोणी मोडलाही नाही. वाढपीही आम्हीच. पहिल्या पंगतीत चार भाकरी, दुसरीत दोन आणि शेवटच्या पंगतीत, म्हणजे पाचवी-सहावीच्या लहान मुलांच्या पानात, एक. त्यात आपण काही अन्याय करतो आहोत, असे आम्हांला वाटले नाही, हे कबूल केले पाहिजे. लहान पोट, लहान भाकरी, असे आम्ही म्हणत असू.

पाचवीतील एक मुलगा एके दिवशी सकाळच्या वंदनेच्या रांगेत उभ्याउभ्या खाली कोसळला. दवाखान्यातील कंपाउंडरने तपासून सांगितले की, आजार काही नाही, पोटात अन्न नाही. निरोप गेला. तिसऱ्या दिवशी त्याची आई आली. खडी फोडून तिच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या होत्या. अधीक्षक मनाने सरळ होते. त्यांनी वही उघडून तिच्यासमोर धरली आणि म्हणाले, “बाई, दरडोई दोन भाकरी मिळतात. यात खोटे काही नाही.” तिला वाचता येत नव्हते. तिने वहीकडे पाहिलेही नाही. ती म्हणाली, “हितं उपाशी ऱ्हायचं तर माझ्यापाशी उपाशी ऱ्हाईल.” मुलाची पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन ती त्याला घेऊन गेली. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे लाल शाईने दोन शब्द आहेत : नाव कमी. तो पटही आम्ही या वेळी पाहिला.

गणिताचे गुरुजी त्या दिवशी ओट्यावर उभे होते. ते आम्हांला काही बोलले नाहीत.

पुढील रविवारी आम्ही कपडे धुऊन वाळत घालत होतो. दोन खांबांमध्ये एक लांब दोरी होती, मधोमध चांगलीच झोळ पडलेली. गुरुजी एक मोजपट्टी आणि खडूचा तुकडा घेऊन आले. म्हणाले, “अरे, ही दोरी जमिनीपासून सरासरी किती उंच आहे, सांगा बरे.”

आमच्यातील एकाने चटकन सांगितले, “गुरुजी, दोन्ही टोके सात फुटांवर आहेत. मध्य चार फुटांवर. साडेपाच असेल.”

“अंदाज नको. मोजा.”

खांबांमधील अंतर वीस फूट होते. दर दोन फुटांवर खुणा करून आम्ही अकरा ठिकाणी उंची मोजली, बेरीज केली, अकरांनी भागले. पाच फुटांहून थोडे अधिक आले. गुरुजींनी दर फुटावर मोजावयास लावले. उत्तर थोडे खाली सरकले. “आणखी जवळजवळ मोजत गेलात तर पाचाच्या अगदी जवळ जाल,” ते म्हणाले. पुढे कॉलेजात गेल्यावर कळले की, असे अंतर बारीक करीत जाऊन मिळणाऱ्या सरासरीलाच संकलनाची भाषा लागते. वक्राखालचे सारे क्षेत्रफळ घ्यावयाचे आणि त्याला पायाच्या लांबीने भागावयाचे. त्या रविवारी आमच्याजवळ ती भाषा नव्हती. मोजपट्टी होती, दोरी होती आणि तीन आकडे होते : मध्याची उंची चार, सरासरी उंची पाच, दोन टोकांची सरासरी सात.

“हे या दोरीपुरते आहे, की नेहमीच असे होईल?” गुरुजींनी विचारले.

त्यांनी एक सुतळी काढली आणि दोरीवरील कोणत्याही दोन जागांमध्ये ती ताणून धरावयास सांगितली. जेथे जेथे धरली तेथे दोरी सुतळीच्या खालीच राहिली. ज्या वक्राची कोणतीही दोन ठिकाणे सरळ रेषेने जोडली असता मधला वक्र त्या रेषेच्या वर कधीच जात नाही, तो बहिर्वक्र, असे त्यांनी सांगितले. नंतर मध्याच्या डावीकडे तीन फुटांवर एकाला आणि उजवीकडे तीन फुटांवर दुसऱ्याला उभे केले. “या दोघांच्या डोक्यावरील दोरीच्या उंचीची सरासरी घ्या. ती मध्याच्या उंचीपेक्षा कमी असू शकेल का?” शकणार नव्हती, कारण त्या दोन ठिकाणांना जोडणारी सुतळी मध्यावर दोरीच्या वर होती. “आणि टोकांच्या सरासरीपेक्षा जास्त?” तेही शक्य नव्हते, कारण खांबापासून खांबापर्यंत ताणलेल्या सुतळीच्या खाली ती दोन्ही ठिकाणे होती. मग त्यांनी त्या दोघांना पाच फुटांवर, आठ फुटांवर असे सरकविले. प्रत्येक जोडीबद्दल तेच उत्तर. सारी दोरी अशा जोड्यांचीच बनलेली आहे. प्रत्येक जोडीची सरासरी जर मध्याच्या उंचीपेक्षा कमी नाही आणि टोकांच्या सरासरीपेक्षा अधिक नाही, तर साऱ्या दोरीची सरासरीही त्याच दोन मर्यादांमध्ये असणार.

एवढीच ती सिद्धता. विद्यापीठाच्या पुस्तकांत ती यापेक्षा मोठी नाही.

आमच्यातील एकाला शंका आली. त्याने ओली घोंगडी दोरीच्या एका टोकाकडे टाकली. दोरीचा सर्वांत खालचा भाग मध्यावरून बाजूला सरकला. “आता?” त्याने विचारले. गुरुजींना आनंद झाला. “मी सर्वांत खालचे ठिकाण म्हटलेच नाही, मध्य म्हटले. जोड्या लावून पाहा.” लावल्या. नियम मोडला नाही. ओझे कसेही टाका, कितीही टाका. ते खालीच ओढते, म्हणून दोरी सुतळीच्या वर जात नाही आणि नियम टिकतो. दोरीचा नेमका आकार कोणता, याची गरजच नाही. ती कोणत्या बाजूला वळलेली आहे, एवढे पुरते.

मग त्यांनी आणखी एक प्रश्न टाकला. सरासरी चार आणि सात यांच्यामध्ये असते, हे खरे; पण ती कोणाच्या जवळ असते? आम्ही बराच वेळ डोके खाजविले. शेवटी आमच्यातील एकाने दोरी मधोमध धरली आणि म्हणाला, “गुरुजी, या आता दोन दोऱ्या समजा.” डाव्या अर्ध्या दोरीची सरासरी तिच्या दोन टोकांच्या सरासरीपेक्षा अधिक नाही, उजव्या अर्धीचेही तसेच. दोन्ही एकत्र केल्यावर निघाले की, पूर्ण दोरीची सरासरी ही मध्याची उंची आणि टोकांची सरासरी या दोहोंच्या बरोबर मधल्या आकड्यापेक्षा वर जाऊ शकत नाही. चार आणि सात यांच्या मधला आकडा साडेपाच. म्हणजे आमचा पहिला अंदाज ही वरची मर्यादा होती. सरासरी नेहमी मध्याच्या बाजूला झुकते. हे ऐकून कोणीतरी मध्यम मार्गाचा दाखला देऊ लागला, तेव्हा गुरुजी हसले. “दोरीला दोरीच राहू दे,” म्हणाले.

आम्हांला वाटले, पाठ संपला. गुरुजी ओट्यावर जाऊन बसले आणि फरशीवर खडूने दोन रेषा काढल्या. आडव्या रेषेवर भाकरी : शून्य, एक, दोन, तीन, चार. उभ्या रेषेवर त्यांनी लिहिले : भूक. शून्य भाकरीला भूक सोळा, एका भाकरीला नऊ, दोनला चार, तीनला एक, चारला शून्य.

“हे आकडे मी मनाने घेतले आहेत,” ते म्हणाले. “भूक तोलण्याचा काटा कोणाजवळ नाही. पण एक गोष्ट मनाची नाही. पहिली भाकरी जेवढी भूक मारते तेवढी दुसरी मारत नाही आणि दुसरी मारते तेवढी चौथी मारत नाही. तेव्हा आकडे बदला. वळण असेच राहील.”

ठिपके जोडल्यावर दिसले ते तसेच, खाली झोळ पडलेले वळण. खांबावरून सुटलेल्या दोरीचा डावा भाग जणू.

“दोन मुले आहेत. एकाला चार भाकरी, एकाला एकही नाही. सरासरी भाकरी?”

“दोन.”

“सरासरी भूक?”

शून्य आणि सोळा. “आठ.”

“आता दोघांनाही दोन-दोन. सरासरी भाकरी?”

“दोन.”

“सरासरी भूक?”

“चार.”

“वहीत फरक दिसेल का?”

कोणी उत्तर दिले नाही. गुरुजींनी खडू आमच्या हाती दिला. वरच्या वर्गांतील तीस मुले, चार भाकरी. मधली तीस, दोन भाकरी. खालची साठ, एक भाकरी. भाकरींची बेरीज दोनशे चाळीस, मुले एकशेवीस, सरासरी दोन. भुकेची बेरीज : तिसांची शून्य, तिसांची एकशेवीस, साठांची पाचशे चाळीस. एकूण सहाशे साठ. दर मुलामागे साडेपाच. सर्वांना दोन-दोन वाढल्या असत्या तर ती चार झाली असती. भाकरी तेवढ्याच, पीठ तेवढेच, वहीतील आकडा तोच. आणि भोजनगृहातील भूक मात्र जास्त. त्या जास्तीच्या भुकेचे नाव-गाव आम्हांला ठाऊक होते. ती पेटीसह गेली होती.

गुरुजी एवढेच म्हणाले, “सरासरीची भूक आणि भुकेची सरासरी एक नसते. वळण बहिर्वक्र असले की दुसरी पहिलीपेक्षा कधी कमी होत नाही.” मग फरशीवरचे खडूचे आकडे त्यांनी पुसले नाहीत. संध्याकाळपर्यंत ते तेथे होते. येता-जाता सर्वांनी पाहिले.

त्या रात्री आम्ही तिघे अधीक्षकांकडे गेलो. दुसऱ्या दिवसापासून पहिली पंगत पाचवीची बसू लागली आणि पहिल्या वाढपात प्रत्येकाच्या पानात दोनच भाकरी पडू लागल्या. कावडीचे काम आमच्याकडेच राहिले. पहिल्या आठवड्यात पाणी आणताना पाय लटपटत. ही गोष्ट फुशारकीसाठी लिहीत नाही, इतके दिवस ती लटपट कोणाच्या वाट्याला टाकली होती हे कळले म्हणून लिहितो. त्या मुलाला परत आणावे म्हणून आमच्यातील एकजण त्याच्या आईच्या कामावर चालत गेला. ते काम संपून मजूर दुसरीकडे गेले होते. तो आम्हांला पुन्हा भेटला नाही. आज तो असेल तर साठीच्या पुढे असेल.

आता या वेळी वही पाहताना आम्हांला ज्या गोष्टीने अस्वस्थ केले ती अशी. पंगत बदलण्यापूर्वीची पाने आणि नंतरची पाने आम्ही शेजारी-शेजारी ठेवली. दोन्हींकडे शेवटच्या रकान्यात दोन. आमच्या आयुष्यातील सर्वांत मोठा बदल त्या वहीत कोठेही उमटलेला नाही.

पुढे आमच्यातील एकाने गणित हाच व्यवसाय केला आणि एका कॉलेजात अनेक वर्षे शिकविले. दोरीखालच्या त्या दुहेरी असमतेला पुस्तकांत एर्मीत-आदामार यांची असमता म्हणतात, हे त्याला तेथे कळले. शार्ल एर्मीत हे फ्रेंच गणिती. त्यांचा उजवा पाय जन्मतः अधू होता. १८४२ साली पॅरिसच्या प्रसिद्ध एकोल पॉलितेक्निकमध्ये त्यांना प्रवेश मिळाला आणि वर्षभरानंतर त्याच पायाचे कारण पुढे करून त्यांना तेथे शिकण्यास मनाई करण्यात आली. ही गोष्ट आमच्या मित्राने दरवर्षी वर्गात सांगितली. ज्यांना शाळेच्या दारातून मागे पाठविले गेले अशांची नातवंडे त्या वर्गात बसलेली असत. त्यांना ती वेगळी समजावून सांगावी लागत नसे.

एर्मीत यांनी १८८१ साली ‘मातेसिस’ या गणितविषयक नियतकालिकाला एक पत्र पाठविले. त्यातील या असमतेचा थोडका मजकूर १८८३ साली छापला गेला आणि त्यानंतर जणू हरवला. १८९३ साली जाक आदामार यांच्या एका मोठ्या निबंधात तिचा संबंध पुन्हा आला आणि लोक तिला आदामार यांच्या नावाने ओळखू लागले. एर्मीत यांची ती जुनी टिपणी अभ्यासकांच्या पुन्हा नजरेस येऊन नोंदली जाण्यास विसाव्या शतकाची शेवटची दशके उजाडली. तेव्हा कोठे दोन्ही नावे एकत्र आली. छापलेला, खरा आणि सर्वांसमोर असलेला मजकूरही नव्वद-शंभर वर्षे कोणी न वाचता पडून राहू शकतो. आम्हांला त्याचे फार नवल वाटले नाही. आमची वहीही पन्नास वर्षे पेटीत होती.

भाकरीच्या हिशेबातील असमता मात्र दुसऱ्या एका गृहस्थाच्या नावाने चालते. योहान येन्सन हे डेन्मार्कचे. ते कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत अभियंता होते आणि कोणत्याही विद्यापीठात प्राध्यापक नव्हते. दिवसा तारांचे काम आणि उरलेल्या वेळात गणित. १९०६ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी बहिर्वक्र फलांची व्याख्या मांडली आणि सरासरींचा हा नियम सर्वसाधारण स्वरूपात सिद्ध केला. त्याचे एक विशेष रूप १८८९ साली जर्मन गणिती ओटो ह्योल्डर यांनीही दिले होते. गुरुजींनी आम्हांला यांपैकी एकही नाव सांगितले नव्हते. ते असते तर टेलिफोनच्या तारा ओढणाऱ्या माणसाचा नियम त्यांनी कपड्यांच्या दोरीवर शिकविला, हे ऐकून त्यांना बरे वाटले असते.

आमच्यातील दुसरा पाटबंधारे खात्यात गेला. त्याला ही असमता मातीत भेटली. कालव्याच्या खोदाईचे मोजमाप करताना एक सोपी रीत वापरतात : तुकड्याच्या दोन टोकांना उभ्या छेदाचे क्षेत्रफळ काढावयाचे, त्यांची सरासरी घ्यावयाची आणि लांबीने गुणावयाचे. समजा, तळाची रुंदी तीन मीटर, बाजूंचा उतार एकास एक आणि तीस मीटरच्या तुकड्यात खोली शून्यापासून दोन मीटरपर्यंत एकसारखी वाढत जाते. एका टोकाला छेद शून्य, दुसऱ्या टोकाला दहा चौरस मीटर; सरासरी पाच, म्हणून खोदाई १५० घनमीटर. मध्यावर खोली एक मीटर, तेथील छेद चार चौरस मीटर. केवळ तोच धरला तर १२० घनमीटर. प्रत्यक्षात निघालेली माती १३० घनमीटर. चार, पाच, सात या आमच्या दोरीचीच ही भावंडे : मध्याचा आकडा कमी, टोकांच्या सरासरीचा जास्त, खरा त्यांच्यामध्ये आणि मध्याच्या जवळ. टोकांच्या मापाला एक आणि मध्याच्या मापाला चार असे वजन देऊन सहांनी भागले की येथे बरोबर १३० येतात. तरुणपणी नोकरीत त्याने हे मांडले, तेव्हा त्याला सांगण्यात आले की, सरासरी घेतली आहे, त्यात चूक काय? त्याने उत्तर दिले, “सरासरी घेतली यात चूक नाही. कशाची घेतली, ते विचारा.” हे वाक्य त्याचे नव्हते, ओट्यावरचे होते.

आमच्यातील तिसरा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक झाला. शाळेत खिचडी शिजू लागली तेव्हा तिची नोंदवही त्याच्याकडे आली. तांदूळ किती, मुले किती, दरडोई किती, हे रकाने छापलेलेच होते. निवृत्त होईपर्यंत रोज तो पंगतीच्या शेवटी बसलेल्या मुलाच्या ताटात डोकावून मगच सही करीत असे. त्याला गणिताची आवड कधीच नव्हती. त्या रविवारी दोरी मधोमध धरून ‘या दोन दोऱ्या समजा’ म्हणणारा मात्र तोच होता.

या असमतांच्या चिन्हाखाली एक लहान आडवी रेघ असते. तिचा अर्थ, दोन्ही बाजू समानही होऊ शकतात. केव्हा होतात? एकतर वळणच नसेल, दोरी अगदी सरळ ताणलेली असेल, तेव्हा; किंवा येन्सन यांच्या नियमात, सर्वांच्या वाट्याला सारखेच आले असेल तेव्हा. भुकेचे वळण सरळ करणे कोणाच्या हाती नाही. म्हणून वाटा सारखा करणे एवढाच मार्ग उरतो. गणित हे करा असे सांगत नाही. न केल्यास जास्तीची भूक कोठेतरी असणारच, मग वही काहीही म्हणो, एवढे ते निश्चित सांगते.

माजी विद्यार्थी बंधूंनो आणि पालकहो, आज आपली शाळा सुस्थितीत आहे. भोजनगृहात कोणाला मोजून वाढावे लागत नाही. फलकावर दहावीच्या निकालाची सरासरी दरवर्षी लिहिली जाते आणि ती चांगली असते. आम्हांलाही ती वाचून अभिमान वाटतो. परंतु विद्यार्थ्यांना दिली जाणारी शिकवणी, शिष्यवृत्ती, ग्रंथालयातील पुस्तके, यांचेही वळण भाकरीसारखेच असते. ज्याच्याजवळ काहीच नाही त्याला मिळालेले पहिले पुस्तक आणि ज्याच्याजवळ दहा आहेत त्याला मिळालेले अकरावे, यांचे मोल एक नसते.

म्हणून आम्ही तिघांनी शाळा समितीकडे एक छोटा अर्ज दिला आहे. भोजनगृहाच्या, शिष्यवृत्तीच्या आणि निकालाच्या नोंदवहीत ‘दरडोई सरासरी’ या रकान्याच्या शेजारी आणखी एक रकाना आखावा : ‘सर्वांत कमी कोणास व किती’. नाव फलकावर लावू नये. वहीत असावे आणि महिन्यातून एकदा ते मोठ्याने न वाचता कोणीतरी जबाबदार माणसाने वाचावे. १९७२ च्या वहीत तो रकाना असता, तर त्याखाली एका पाचवीतील मुलाचे नाव दिवाळीपासून रोज आले असते. ते वाचावयास लागणारा वेळ अधीक्षकांजवळ होता आणि दयाही होती. फक्त रकाना नव्हता.

जुनी वही आम्ही पुन्हा पेटीत ठेवली नाही. ती शाळेच्या ग्रंथालयात, गणिताच्या पुस्तकांच्या कपाटात ठेवावयास दिली आहे. ज्यांना पाहावयाची असेल त्यांनी अवश्य पाहावी. हिशेब बरोबर आहे.